तुटक रेघ

ऑफिसात मला 'लालपेन' म्हणतात. माझ्या पाठीमागे म्हणतात आणि मला ते माहीत नाही, असा त्यांचा समज आहे. मीही तो मोडलेला नाही, कारण नाव मला आवडतं.

सत्तावीस वर्षं मी पालिकेच्या नगररचना विभागात इमारतींचे नकाशे तपासतोय. तपासतोय कसला, अडवतोय, असं बिल्डर लोक म्हणतात, आणि ते ऐकून मला आतून गुदगुल्या होतात. एकही मोठा नकाशा मी पहिल्या फेरीत पुढे जाऊ दिलेला नाही. एखाद्या नकाशात चूक सापडलीच नाही तर मला जेवण जायचं नाही. मग उत्तर दिशेचा बाण जरासा तिरका आहे, अशी त्रुटी काढायची, तसं पत्र टाकायचं, की लगेच भूक लागायची. बायको म्हणते, लग्नाच्या वेळी तुम्ही मला पसंत कसं केलंत हेच मला कळत नाही. मलाही कळत नाही. त्या दिवशी बहुधा पेन घरी विसरलो असेन.

तर असा हा वाघ निवृत्तीला आठ महिने राहिलेले असताना टेबलावरचं मांजर कसा झाला, त्याची ही गोष्ट.

आमच्या विभागाला नव्या मॅडम आल्या. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आल्या आल्या त्यांनी बाटल्यांच्या कारखान्याची फाइल माझ्यासमोर ठेवली. कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली होती, आणि त्या जागेवर सात उंच इमारती, शाळा, दवाखाना, बाग असं एक आख्खं गावच उभं राहणार होतं. एवढी मोठी फाइल आमच्या पालिकेत कधीच आली नव्हती. माझ्या हातून जाणारी ती शेवटची मोठी फाइल. तिचा फडशा कसा पाडायचा याचे बेत मी मनात करतच होतो.

"तुम्ही आणि बिल्डर एकमेकांना पत्रं लिहिता," मॅडम म्हणाल्या. "तीन-तीन वर्षं. तोवर ज्याला घर घ्यायचं असतं तो म्हातारा होतो. या वेळी असं नाही. रीतसर अर्ज यायच्या आधीपासून दोन्ही बाजूंनी दर मंगळवारी एका टेबलावर बसायचं. मुद्द्यांची एकच यादी. वाद असला तर तांबडा रंग, बोलणं चालू असलं तर पिवळा, मिटला की हिरवा."

"आणि टिपण कोण लिहिणार?" मी विचारलं. ज्याच्या हाती टिपण, त्याची बैठक, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"अदलाबदलीने. बिल्डरची अडचण तुम्ही लिहायची, आणि तुमचा आक्षेप त्यांच्या माणसाने लिहायचा. ज्याचं म्हणणं आहे त्याने 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हटल्याशिवाय सही करायची नाही."

मला वाटलं, हे बालवाडीत ठीक आहे. पण तोंडाने 'फार छान कल्पना' म्हणालो. सत्तावीस वर्षांची नोकरी अशी उगाच होत नाही.

बिल्डरकडून आल्या त्या त्यांच्या नियोजनाच्या बाई. चाळिशीच्या, शांत, बोलायला बेताच्या. हिरव्या शाईने लिहायच्या. मी मनातल्या मनात त्यांचं नाव 'हिरवी शाई' ठेवून टाकलं. आपल्याला कुणी नाव ठेवलं की दुसऱ्याला ठेवल्याशिवाय चैन पडत नाही.

पहिल्याच मंगळवारी मी तिसऱ्या इमारतीवर चाळीस मिनिटं बोललो. नियमांची कलमं, पोटकलमं, सगळं सांगितलं. हिरव्या शाईने ते दोन ओळींत लिहिलं: 'तळमजल्याच्या घरांत उजेड येणार नाही. तिथे राहणाऱ्याला भर दुपारी दिवा लावावा लागेल.' मी ते तीनदा वाचलं. चूक काढायची होती, पण निघेना. मला अगदी तेच म्हणायचं होतं. चाळीस मिनिटं मी नक्की काय करत होतो, ते मात्र मला सांगता आलं नसतं.

मग माझी पाळी. मी लिहिलं, 'इमारत सरकवली तर बिल्डरचा फायदा कमी होतो.' त्या म्हणाल्या, "नाही, मला हे म्हणायचं नव्हतं." मी पुन्हा लिहिलं. पुन्हा नाही. पाचव्या खेपेला कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इमारत सरकवली तर जुनी सांडपाण्याची वाहिनी तिच्याखाली येते, ती हलवायला सहा महिने लागतात, आणि चारशे कुटुंबांना घरं सहा महिने उशिरा मिळतात. वाहिनी नकाशावर स्पष्ट काढलेली होती. मला ती दिसलीच नव्हती, कारण मला समोर फक्त बिल्डर दिसत होता.

शेवटी इमारत फिरवली. सरकवली नाही, नुसती थोडी फिरवली. उजेडही आला आणि वाहिनीही वाचली. तो मुद्दा हिरवा झाला तेव्हा मला जो आनंद झाला तो मी कुणाला दाखवला नाही. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी असल्या गोष्टींनी आनंद होणं बरं दिसत नाही.

सहा महिन्यांत एकशे अठरा मुद्दे झाले. एकेक करून सगळे हिरवे. दुसऱ्या शहरांतले अधिकारी आमची यादी बघायला यायला लागले. मी त्यांच्यासमोर 'संवाद', 'विश्वास' असले शब्द वापरायला लागलो. नव्या भक्ताचा टाळ जरा जास्तच वाजतो. घरीसुद्धा बायकोशी वाजलं की मी म्हणायचो, "थांब, आधी तुझी बाजू मी मांडतो." ती म्हणायची, "मांडा की. पण मांडून झाल्यावर तीच ऐकायची असते, हे शिकवलं नाही का मंगळवारी?"

दोन गोष्टी मी माझ्या हट्टाने करून घेतल्या होत्या, त्या इथे सांगायला हव्यात. पहिली म्हणजे यादीतला मुद्दा क्रमांक एक. कारखान्याच्या आवारात फुटकी काच आहे, पडक्या शेड आहेत, तेव्हा अंतिम मंजुरीची वाट न बघता आधी सगळ्या बाजूंनी उंच पत्र्याचं कुंपण घालायचं. दुसरी म्हणजे यादी गोठवायची तारीख. त्या तारखेनंतर कोणीही, अगदी कोणीही, नवा मुद्दा काढायचा नाही. हे मी टेबलावर बोट आपटून सांगितलं होतं. माझा रोख अर्थातच बिल्डरकडे होता.

कुंपण वेळेत पुरं झालं. मी आणि हिरवी शाई पत्र्यासमोर उभे राहिलो आणि फोटोही काढला. फोटोत मी हसतोय. असा फोटो आमच्या घरात दुसरा नाही.

त्याच दिवशी दुपारी आई घरी परत आली. हातात न वाचलेला पेपर, चपलांना चिखल.

आता आईबद्दल सांगतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला फार कमी ऐकू येतं. यंत्र दिलंय, ते ती कपाटात जपून ठेवते, खराब होऊ नये म्हणून. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की मी जुन्या नकाशांच्या कोऱ्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहून देतो. आणि कारखान्याच्या पलीकडच्या बाजूला तिची धाकटी बहीण, माझी मावशी, एकटी राहते. तिला जवळजवळ दिसत नाही. आई रोज साडेदहाला तिच्याकडे जायची. मोठ्याने पेपर वाचून दाखवायची, डोळ्यांत औषध घालायची. मावशी दारावरची बेल नि फोन ऐकायची आणि आईला हलवून सांगायची. दोघी मिळून एक धडधाकट बाई होतात, असं मावशीच म्हणायची. फोनवर काम भागण्यासारखं नव्हतं, कारण फोनवर आईला काही ऐकू येत नाही आणि ती ते कबूलही करत नाही. भलतीच उत्तरं देते.

मावशीकडे ती जायची ती कारखान्यातून. भिंतीला आमच्या बाजूने एक भगदाड होतं आणि मावशीच्या बाजूने दुसरं. मधून पायवाट. मी स्वतः मावशीकडे स्कूटरने मोठ्या रस्त्याने जायचो, कारण नगररचनेच्या अधिकाऱ्याने भिंतीच्या भगदाडातून वाकून जाणं शोभत नाही.

आईने पेपर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "भिंत बंद झाली. पत्रे ठोकलेत."

मी मान हलवली. मला अजून काहीच उमजलं नव्हतं.

"पत्र्यावर तुमच्या ऑफिसचं पत्र चिकटवलंय," ती म्हणाली. "प्रवेश बंद. खाली सही आहे. सही तुझी आहे."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी आईच्या चपलांकडे बघत बसलो. ती कुंपणाच्या कडेकडेने दुसरं भगदाड शोधत फिरली असणार. मी एक नकाशा उलटा करून त्यावर लिहिलं, 'सुरक्षेसाठी आहे. आत काच आहे.'

तिने वाचलं. "नऊ वर्षं चालतेय मी तिथून. काच कुठे आहे ते मला विचारायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी ती बसने गेली. एक बस चौकापर्यंत, मग दुसरी. दुपारी परतली ती थकून, न जेवता झोपली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली. चार साड्या, औषधं, चष्मा. "मी तिकडेच राहते," म्हणाली. "रोज दोन बसा मला झेपत नाहीत. तुझं काम चुकीचं आहे असं मी म्हणत नाही." रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तिला स्कूटरवरून सोडून आलो. येताना रिकाम्या सीटकडे दोनदा मागे वळून बघितलं.

घरात आई नसली की शांतता होईल असा माझा समज होता. तिचा टीव्ही पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. शांतता झाली खरी, पण ती मला सहन होईना. जेवताना बायको म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते काही खोटं नाही. सहा महिने साऱ्या शहराच्या वाटा काढत होतात."

"घरच्या गोष्टी ऑफिसात न्यायच्या नाहीत, असा नियम आहे," मी म्हणालो.

"मग ऑफिसचे पत्रे घरात कसे आले?"

रविवारी मी मुद्दाम बसने गेलो. घड्याळ लावून. दाराबाहेर पडल्यापासून मावशीच्या दारापर्यंत बावन्न मिनिटं लागली, त्यातली एकोणीस नुसती थांब्यावर उभं राहून. आमच्या सर्वेक्षणात या भागातलं पायी येणं-जाणं 'नगण्य' असं मी लिहून घेतलं होतं. मोजणारी माणसं आम्ही मोठ्या रस्त्यांवर उभी केली होती. भिंतीतल्या भगदाडापाशी कोणाला उभं करणार?

मावशीने माझ्या पावलांवरून मला ओळखलं. "ये, पत्रेवाल्या," म्हणाली. आई पेपर वाचत होती. मी आलोय हे तिला पान उलटेपर्यंत कळलं नाही. मला बघून ती हसली, आणि त्या हसण्याने मला इतकं वाईट वाटलं की मी चहा न घेताच उठलो.

अंतिम मंजुरी देणाऱ्या समितीच्या सुनावणीला नऊ दिवस उरले होते. यादी गोठून पंधरा दिवस झाले होते. फाइल मीच मांडणार होतो. साठ पानं, पडद्यावर चित्रं, शेवटी त्या फोटोतलं माझं हसू. आरशासमोर सराव झाला होता, बायकोने चारदा ऐकलं होतं. सत्तावीस वर्षांत समितीसमोर मी फक्त 'नाही' म्हणायला उभा राहिलो होतो. एकदा, निदान एकदा, मला 'हो' म्हणायचं होतं.

सोमवारी मी हिरव्या शाईच्या ऑफिसात गेलो. बिल्डरच्या ऑफिसाची पायरी मी आयुष्यात पहिल्यांदा चढत होतो. हवापाणी झालं. त्यांच्या खिडकीतल्या कुंडीची चौकशी झाली. वाहनतळाच्या उंचीबद्दल मी एक अगदी निरर्थक प्रश्न विचारला.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय?" त्या म्हणाल्या. "काय झालंय?"

मी सांगितलं. आई, मावशी, भगदाड, पत्रे, बावन्न मिनिटं. सांगून झाल्यावर म्हणालो, "ती वाट कुठेच नोंदलेली नाही. सहा महिने आपण दोघं बसलो, आणि तुमच्या माणसांनाही ती दिसली नाही, मलाही नाही."

त्या उठल्या, कपाटातून एक गुंडाळी काढली आणि टेबलावर पसरली. पहिल्या मंगळवारचा पहिला नकाशा. त्यावर कारखान्याच्या आवारातून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एक बारीक तुटक रेघ होती. शेजारी त्यांच्या मोजणीदाराचं अक्षर: 'पायवाट. रोज वापरात.' त्या रेघेवर तांबडी फुली. फुलीशेजारी लिहिलं होतं: 'अनधिकृत. नोंद नको.'

अक्षर माझं होतं.

"मी तेव्हा विचारलं होतं, नक्की काढायची का?" त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, लोक काय, कुठूनही जातात."

मला ते आठवत नव्हतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. फुली मारायला एक सेकंद लागला असेल. सत्तावीस वर्षं नकाशे वाचणाऱ्या माणसाला नकाशावर स्वतःच्या आईची वाट ओळखू आली नव्हती. उत्तरेचा बाण तिरका असता तर मी लगेच ओळखला असता.

"आता काय करायचं?" मी म्हणालो. हे वाक्य मी बिल्डरच्या माणसाला प्रथमच म्हणत होतो. "यादी गोठलीय. मीच गोठवलीय."

"नेहमीसारखं करू," त्या म्हणाल्या आणि कागद पुढे ओढला. "तुम्ही आमची अडचण लिहा, मी तुमचा आक्षेप लिहिते."

मी लिहिलं. वाट द्यायची तर पाचव्या इमारतीत गाड्या खाली उतरायचा रस्ता मधे येतो. तो दुसऱ्या बाजूला न्यावा लागेल, अकरा गाड्यांची जागा जाईल, आणि काम चालू असताना माणसांना त्यातून सुखरूप नेणं ही रोजची डोकेदुखी. त्यांनी वाचलं. "हो, मला हेच म्हणायचं होतं." पहिल्याच खेपेला! एरवी मी फुशारलो असतो.

मग त्यांचा कागद माझ्याकडे आला. 'एका बाईला आपल्या बहिणीकडे चालत जाता येत नाही. ती बाई अधिकाऱ्याची आई आहे.'

"दुसरी ओळ काढा," मी म्हणालो. "पहिली पुरे."

"पण तुम्हाला हेच म्हणायचं आहे ना?"

त्यांच्या खिडकीतून कारखान्याचे पत्रे दिसत होते. नवे कोरे, उन्हात चकाकणारे.

"हो," मी म्हणालो. "मला हेच म्हणायचं होतं."

दोघांनी सह्या केल्या आणि तसेच मॅडमकडे गेलो. मॅडमनी दोन्ही कागद वाचले. "मुद्दा समितीपुढे नेता येईल," त्या म्हणाल्या. "पण घरचा माणूस गुंतलाय म्हटल्यावर तुम्हाला तसं जाहीर करावं लागेल. आणि मग फाइल तुम्ही मांडू शकणार नाही. दालनातही बसता येणार नाही."

"कुणी विचारणार नाही," मी म्हणालो. "ती माझी आई आहे हे कुणालाच माहीत नाही."

हे बोलल्यावर मलाच माझी लाज वाटली. अशी वाक्यं मी टेबलापलीकडच्या लोकांकडून ऐकत आलो होतो आणि त्यांच्या तोंडाकडे तुच्छतेने बघत आलो होतो. हिरवी शाई खाली बघत राहिली. मी कागद मागितला आणि जाहीर केलं. साठ पानांची फाइल टेबलावर ठेवली आणि हिरव्या शाईकडे सरकवली. मॅडमनी मान डोलावली. पालिकेची आणि बिल्डरची बाजू एकच माणूस मांडणार, असं आमच्याकडे आधी कधी झालं नव्हतं. पण सहा महिने माझे सगळे आक्षेप त्यांनीच तर लिहिले होते. माझं म्हणणं माझ्यापेक्षा त्यांना जास्त नीट येत होतं.

सुनावणीच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून दालनाबाहेरच्या बाकावर बसलो. अर्जदार बसतात त्या बाकावर. सत्तावीस वर्षं मी त्याच्या शेजारून गेलोय, बसलो कधीच नव्हतो. बाकाचा एक पाय आखूड आहे. जरा हललं की तो डावीकडे कलतो आणि माणूस उगाचच दोषी दिसायला लागतो. दोन वर्षांपूर्वी याच बाकाबद्दल कोणीतरी तक्रार केली होती. तीवर मी शेरा मारला होता: 'दुरुस्तीची गरज दिसून येत नाही.'

"साहेब, खुर्ची आणू?" शिपाई म्हणाला.

"नको. इथेच बरं आहे."

"मग मधे बसा. डावीकडे पडाल."

दार बंद होतं. आतून नुसते सूर ऐकू येत होते, शब्द नाही. आईला जग असंच ऐकू येत असेल, असं वाटलं. अर्धा तास झाला. एक तास. मी भिंतीवरच्या फरशा मोजल्या, एक तिरकी होती. पहिल्यांदाच मी ती कुणाला सांगितली नाही.

हिरवी शाई बाहेर आली तेव्हा त्यांच्या हातात फाइल नव्हती.

"मंजूर," त्या म्हणाल्या. "एकशे एकोणिसावा मुद्दा धरून. तीन मीटर रुंद वाट, कायमची, सगळ्यांसाठी खुली. काम चालू असेतो वर छप्पर घातलेला बोळ. पत्रे पंधरा दिवसांत उघडायचे."

मी बाकावरून उठलो. मग विचारलं, "यादी गोठल्यावर मुद्दा कसा आला, असं कुणी विचारलं नाही?"

"अध्यक्षांनी विचारलं. मी सांगितलं, मुद्दा पहिल्या दिवसापासून होता. आम्ही दोघांनी मिळून तो हरवला आणि दोघांनी मिळून शोधला."

दोघांनी मिळून! फुली माझी, अक्षर माझं, आणि तो नकाशा त्यांच्या कपाटात होता. त्यांनी तो आत दाखवला नव्हता. माझ्या चुकीतला अर्धा वाटा त्यांनी घेतला. नोकरीत बिल्डरकडून मी घेतलेली ही एकच गोष्ट.

पंधराव्या दिवशी पत्रे उघडले. बायकोने आईच्या खोलीतली चादर बदलली, टीव्हीवरची धूळ पुसली. मी साडेदहाला निघालो. भगदाडाच्या जागी आता चौकट होती, वाकावं लागलं नाही. बोळातून चालत गेलो. चार मिनिटं दहा सेकंद. मोजायची सवय काही जात नाही.

मावशीने दार उघडलं. आई खिडकीपाशी बसली होती. मी ठळक अक्षरांत लिहूनच आणलं होतं: 'वाट उघडली. घरी चल.'

तिने कागद वाचला, घडी घातली, मांडीवर ठेवला. "मी नाही येत," म्हणाली.

मला वाटलं तिला नीट वाचता आलं नाही. मी पुन्हा दाखवायला गेलो, तिने माझा हात बाजूला केला.

"नऊ वर्षं मी सकाळी यायची आणि दुपारी जायची," ती म्हणाली. "हिचं सकाळचं तेवढं मला दिसायचं. आता इथे राहिल्यावर कळलं, ही रात्री भिंती चाचपत फिरते. दोनदा पडलीय. मला कधी बोलली नाही."

"तुला ऐकू कुठे येतं?" मावशी म्हणाली. पण आईकडे तोंड करून नाही, माझ्याकडे.

मी तिथल्या एका स्टुलावर बसून राहिलो. मी माझी शेवटची मोठी फाइल दिली होती, माझं एकमेव 'हो' दिलं होतं, ते आईला घरी आणायला. आणि आई घरी येणार नव्हती. मला रडू येत होतं आणि माझं वय सत्तावन्न होतं. काय करावं ते सुचेना, तेव्हा मी जे येतं ते केलं. तोच कागद उलटा केला आणि खिशातलं पेन काढून तिचं म्हणणं लिहिलं. टिपण लिहितात तसं.

'मावशीला आता एकटं ठेवता येत नाही. म्हणून मी इथेच राहणार. माझ्यावाचून घरच्यांचं भागेल.'

कागद तिच्यापुढे धरला आणि मोठ्याने, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं विचारलं, "तुला हेच म्हणायचंय ना?"

आईने चष्मा लावला. सावकाश वाचलं, एकेक शब्दावर बोट ठेवत. मग माझ्या हातातलं लाल पेन घेतलं आणि शेवटच्या वाक्यावर आडवी रेघ मारली. हात थरथरत होता, त्यामुळे रेघ तुटक आली. तिच्याखाली तिने लिहिलं:

'चूक. रोज साडेदहाला ये. पेपर घेऊन.'

"घाल सही," ती म्हणाली.

मी सही केली.